दोन नावं, एक हात

इंग्रजी विकिपीडिया रोज वाचणाऱ्या लाखो लोकांपैकी फारच थोड्यांनी ‘एसपीआय’ हे पान पाहिलं असेल. सॉकपपेट इन्व्हेस्टिगेशन्स असं पूर्ण नाव असलेलं हे तपासाचं दफ्तर २००९ पासून चालू आहे. एकाच माणसाने दोन, चार किंवा चाळीस नावांनी खाती उघडून खोटी गर्दी केल्याचा संशय आला, की तक्रार इथे दाखल होते. असं खातं म्हणजे तिथल्या बोलीत ‘सॉक’ आणि ते चालवणारा ‘मास्टर’. प्रकरणाची फाइल सापडलेल्या सर्वांत जुन्या खात्याच्या नावाने उघडते आणि पुढची खाती तिलाच जोडली जातात. काही फायली दहा-दहा वर्षं बंदच होत नाहीत.

गंमत अशी, की या दफ्तरात तक्रारदार टोपणनावाने येतो, आरोपी टोपणनावाचा असतो आणि निकाल देणाराही बहुधा टोपणनावाचाच. आरोपी खरा कोण, कुठे राहतो, पोटापाण्यासाठी काय करतो, हे कोणी विचारायचं नाही. एखाद्याने ते शोधून चव्हाट्यावर मांडलं तर शोधणाऱ्यावरच कारवाई होते. या दोन नावांमागे हात एकच आहे का, एवढाच काय तो प्रश्न. गुन्हेगाराचं नाव न विचारता गुन्हा शाबित करणारी दुसरी यंत्रणा चटकन आठवत नाही.

एकाहून जास्त खाती ठेवायला मुळात मनाई नाही. यांत्रिक सांगकाम्यासाठी, म्हणजे बॉटसाठी, वेगळं खातं लागतं. सायबर कॅफेत किंवा ग्रंथालयातल्या संगणकावर मुख्य खात्याचा पासवर्ड टाकायला नको म्हणून अनेक जण दुसरं ठेवतात. आपल्या नावाशी मिळतंजुळतं नाव दुसऱ्या कोणी बळकावू नये म्हणून ते आधीच घेऊन ठेवणारेही आहेत. गुन्हा सुरू होतो तो ही नावं एकमेकांना अनोळखी असल्याचं सोंग करू लागली की. एखादा लेख ठेवायचा की वगळायचा, ही चर्चा नावापुरती मुद्द्यांवर चालते. पण चार जण एका सुरात बोलले तर त्याचं वजन पडतंच. एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवता येत नाही. दोन खाती असली की ही मर्यादा गुपचूप दुप्पट होते. आणि ज्याला आधीच प्रतिबंधित केलं आहे, त्याला तर परत यायला नवं नावच हवं.

तक्रारदाराकडून इथे पुराव्याची अपेक्षा असते आणि पुरावा म्हणजे ‘फरक’. विकिपीडियावरचं प्रत्येक संपादन जपून ठेवलेलं असतं आणि आधीची व नंतरची आवृत्ती शेजारी-शेजारी लावून पाहता येते. पहिल्या खात्याचा हा फरक, दुसऱ्याचा तो, बघा कसे जुळतात, असं मांडावं लागतं. ‘मला वाटतं’ म्हटलं की तक्रार तिथेच पडते.

जुळतं ते मोठं काही नसतं. स्वल्पविरामाच्या आधी सोडलेली जागा, संपादन सारांशात नेहमी टाकलेला एकच शब्द, त्याच शब्दाचं तेच चुकीचं स्पेलिंग, संतापल्यावर उद्गारचिन्हांची तीच माळ. कधी ती जुळणी घड्याळात असते: दोन्ही खाती रात्री त्याच वेळी जागी, दुपारी त्याच वेळी गप्प आणि एक बोलत असताना दुसरं कधीच हजर नाही. नवख्याला चर्चा पान कुठे असतं हे कळायला आठवडा लागतो. एखादं खातं जन्मल्यापासून पाचव्या मिनिटाला नियमांच्या लघुरूपांत बोलू लागलं, तर भुवया उंचावणारच. बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं, मग ते बदकच, असा तिथला एक रांगडा निकष आहे आणि निम्मी कामं त्यावरच उरकतात असं फायली चाळताना वाटत राहतं.

मराठीत लिहिणारा तर आणखीच सापडण्याजोगा. आपल्याकडे ‘ऱ्या’ हे जोडाक्षर संगणकाच्या पोटात दोन तऱ्हांनी साठवता येतं. कोणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतो, तर कोणाचा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संकेतांक वेगळे. माणूस नाव बदलतो, बोलण्याचा सूर बदलतो. कीबोर्ड बदलायचं मात्र त्याच्या डोक्यात येत नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या ठरलेल्या चुका, ‘आणि’ऐवजी ‘व’चा सोस, देवनागरी आकड्यांत मधूनच घुसलेले रोमन आकडे. हे सगळं झाकून लिहायचं म्हणजे वेगळी व्यक्ती होऊनच लिहायला हवं, आणि ते कादंबरीकारांनाही क्वचितच साधतं.

हे ओळखण्याचं काम यंत्रावर सोपवण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१३ मध्ये थामर सोलोरिओ आणि सहकाऱ्यांनी चर्चा पानांवरच्या लिखाणाच्या शैलीवरून सॉक ओळखण्याचा प्रयोग ७७ प्रकरणांवर केला. यश सुमारे ६९ टक्के आलं. संशोधनासाठी ते आशादायक असेल, पण दर तीन निकालांतला एक चुकणार असेल तर कोणाला हाकलण्यासाठी ते पुरेसं नाही.

आता प्रत्यक्ष तपासात वापरल्या जाणाऱ्या यंत्राबद्दल. त्याचं नाव चेकयूजर, मीडियाविकी या आज्ञावलीचं एक जोडअंग. एखाद्या खात्याने कोणकोणत्या अंकपत्त्यांवरून, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसवरून, संपादनं केली ते हे दाखवतं. उलट, एका अंकपत्त्यावरून कोणकोणती खाती आली तेही. सोबत ब्राउझर स्वतःबद्दल जी माहिती देतो ती असते. हा सगळा साठा ९० दिवस राहतो, मग पुसला जातो. चार महिने धीर धरणारा मास्टर यंत्राच्या दृष्टीने पूर्ण कोरा.

हे यंत्र वापरण्याचा अधिकार मोजक्या लोकांना मिळतो; त्यांनाही चेकयूजरच म्हणतात. वय १८ पूर्ण हवं, विकिमीडिया फाउंडेशनशी गोपनीयतेचा करार हवा. इंग्रजी विकिपीडियावर नेमणूक निवडून आलेली लवाद समिती करते. कोणत्याही विकीवर चेकयूजर एकटा ठेवत नाहीत, किमान दोन, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहील. कोणी, कोणाची, केव्हा, कोणत्या कारणाने तपासणी केली याची नोंद राहते आणि ती नोंद इतर चेकयूजर वाचू शकतात. ‘बघू या काही सापडतंय का’ म्हणून टाकलेलं जाळं हा गैरवापर ठरतो. निकाल देताना अंकपत्ता आणि खातं यांची सांगड सहसा उघड करत नाहीत. नुसता शेरा येतो: पक्कं, बहुधा, शक्य, अशक्यप्राय, असंबंधित, किंवा काहीच सांगता येत नाही.

भारतातली प्रकरणं या शेवटच्या शेऱ्यात फार अडकतात. मोबाइल कंपन्या एकेक अंकपत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात आणि तो सारखा बदलतही राहतो. सकाळी वाशीत आणि दुपारी दादरला फोन उघडणारा एकच माणूस यंत्राला दोन वाटू शकतो आणि एकमेकांना कधी न भेटलेले दोघे एक. त्यात गूगल क्रोमने ब्राउझरची ती माहिती मुद्दाम मोघम केली. खासगीपणासाठी चांगलंच, तपासनिसासाठी डोकेदुखी. चेकयूजर ही जादूची पूड नव्हे, असं तिथे पूर्वीपासून बजावतात ते उगीच नाही. यंत्र फक्त दुजोरा देतं. संशय आधी माणसाने वाचून उभा करायचा असतो.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रचालक आहेत, चर्चेची चावडी आहे, सरावाची धूळपाटी आहे. पण चेकयूजर नाही. लवाद समिती नसलेल्या विकीवर तो नेमायचा तर २५ ते ३० मतं आणि ७० ते ८० टक्के पाठिंबा लागतो. तेवढे नेमाने मत देणारे सदस्य गोळा करणं लहान समुदायाला जड जातं. म्हणून तक्रार मेटाविकीवर, म्हणजे सगळ्या विकींच्या सामाईक मंचावर, स्टुअर्डांकडे न्यावी लागते. हे जगभरच्या सदस्यांनी निवडलेले मूठभर स्वयंसेवक. त्यांना अंकपत्ते वाचता येतात, मराठी सहसा येत नाही. वर सांगितलेला ‘ऱ्या’चा पुरावा त्यांना इंग्रजीत समजावून सांगायचा, म्हणजे भाषेत सापडलेला चोर भाषेबाहेरच्या पंचापुढे उभा करायचा. ही व्यवस्था मला लंगडी वाटते; पण पंच गावातला नसल्यामुळे भाऊबंदकीचा आरोपही होत नाही, हेही खरं.

इंग्रजी विकिपीडियावर जात आणि समाज या विषयांवरचे लेख कायम धगधगते असतात. तिथल्या बऱ्याच लेखांवर ५०० संपादनं आणि ३० दिवसांचा अनुभव असल्याशिवाय हात लावता येत नाही. उंबरठा उंचावला की मास्टर शिडी आणतो. कुठल्या तरी निरुपद्रवी लेखांत एकेक स्वल्पविराम टाकत ५०० चा आकडा गाठायचा आणि पाचशे एकाव्या संपादनाला थेट आपल्या कुळीच्या लेखात उतरायचं. असा आलेख दिसला की तपासनिसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

पैशासाठी चाललेल्या प्रकरणांत सर्वांत गाजलं ते ‘ऑरेंजमूडी’. फाइलला मिळालेलं हे नाव आधी सापडलेल्या एका खात्याचं. २०१५ च्या ऑगस्टअखेर ३८१ खाती एकदम बंद झाली आणि २१० लेख वगळले गेले. पद्धत अशी: एखाद्या छोट्या कंपनीने किंवा कलावंताने आपल्यावरचा लेख पाठवलेला असायचा आणि तो नाकारला गेलेला असायचा. मग कोणी तरी त्यांना गाठून, आपण अनुभवी संपादक आहोत, पैसे द्या, लेख लावून देतो, म्हणायचं. लेख लागायचा. नंतर महिन्याला ३० डॉलरची मागणी यायची, लेखाच्या ‘संरक्षणासाठी’. आपल्याकडे हप्ता म्हणतात तोच प्रकार. खात्यांत कामाची वाटणीही होती. काही लेख लिहिणारी, तर काही किरकोळ दुवे जोडत चार दिवस आणि दहा संपादनांची प्राथमिक पात्रता मिळवून मग ते लेख तपासून झाल्याचा शिक्का मारणारी. हे जाळं उकललं ते बिनपगारी स्वयंसेवकांनी, आठवडेच्या आठवडे फरक वाचून.

याच्या अगदी उलट टोकाला चिनी विकिपीडियावरची झेमाओ. तिथे पैशाचा संबंधच नव्हता. वर्षानुवर्षं तिने मध्ययुगीन रशियाचा एक अख्खा काल्पनिक इतिहास रचला, दोनशेवर लेखांत, युद्धं आणि तहांसकट. काशिन नावाच्या एका चांदीच्या खाणीबद्दल वाचताना एका चिनी कादंबरीकाराला शंका आली, त्याने संदर्भ तपासले आणि २०२२ मध्ये डोलारा कोसळला. खाण कधी नव्हतीच. झेमाओ स्वतःला इतिहासाची डॉक्टर म्हणवायची; माफीनाम्यात मात्र आपण फक्त माध्यमिक शिक्षण झालेली गृहिणी आहोत असं तिने सांगितलं. तिची निदान चार सॉक खाती होती. ती तिच्याशी गप्पा मारायची, तिच्या विद्वत्तेला दुजोरा द्यायची. गर्दी उभी करणाऱ्यांत मतं वाढवायला आलेले पुष्कळ दिसतात. सोबतीसाठी गर्दी उभी केलेली ही एकच दिसली.

तपासनीसही चुकतात. २०१५ च्या एप्रिलमध्ये, ब्रिटनची निवडणूक तोंडावर असताना, एका चेकयूजरने ‘कॉन्ट्रिब्सएक्स’ हे खातं बंद केलं. त्यामागे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे सहअध्यक्ष ग्रँट शॅप्स किंवा त्यांच्या वतीने कोणी असावं, असं गार्डियनमध्ये छापून आलं. शॅप्स यांनी इन्कार केला. लवाद समितीने चौकशी केली तेव्हा त्या खात्याचा कोणत्याही विशिष्ट व्यक्तीशी संबंध जोडता येत नाही, असं निघालं. जूनमध्ये त्या चेकयूजरचे विशेष अधिकार काढून घेतले. त्याने दोन खाती एक आहेत एवढंच म्हटलं असतं तर ते दफ्तराच्या कक्षेत होतं. नावाकडे बोट गेलं आणि तोल गेला.

नावं उघड होण्याची भीती आपल्याकडे आता कागदावर राहिलेली नाही. २०२४ च्या जुलैत एएनआय या वृत्तसंस्थेने विकिमीडियावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्टमध्ये तीन संपादकांची माहिती देण्याचा आदेश झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने विकिमीडियाला नोटिसा पाठवल्या आणि काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. त्या मजकुराबद्दल कोणाचं मत काहीही असो. पण ९० दिवसांनी पुसल्या जाणाऱ्या साठ्याकडे या घटनांनंतर संपादक निराळ्या नजरेने पाहू लागले असतील, तर नवल नाही.

सॉक म्हणून हाकललेल्याला दार कायमचं बंद नसतं. सहा महिने कुठल्याही नावाने न फिरकता काढले आणि मग मूळ खात्यावरून अर्ज केला, तर विचार होतो. सहा महिने गप्प बसणं मात्र फार थोड्यांना जमतं. बहुतेक जण दुसऱ्याच आठवड्यात नव्या नावाने हजर.

इकडे खात्यांचं गणितही बदललं आहे. खातं न उघडता लिहिणाऱ्याचा अंकपत्ता पूर्वी लेखाच्या इतिहासात सगळ्यांना दिसायचा. आता त्याऐवजी तात्पुरतं खातं आपोआप तयार होतं, नावात वर्ष आणि एक लांबलचक आकडा. २०२५ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियावरही हे लागू झालं. ब्राउझरमधली कुकी पुसली की नवं खातं आणि नाही पुसली तरी ९० दिवसांनी जुनं संपतं. सॉक करायला आता नाव सुचायचीही गरज नाही. त्यामागचे अंकपत्ते फक्त ठरावीक अनुभवी सदस्यांना उघडून पाहता येतात आणि कोणी, केव्हा पाहिले याचीही नोंद होते.