बुद्धाचे नाव घेतले म्हणून संघ होत नाही

मुलगा दारूला शिवत नाही, पत्ते खेळत नाही, कामावरून सुटला की कुठल्याशा साधना वर्गाला जातो. आईबापांना बरेच वाटते. पण काही महिन्यांनी तो घरात बोलेनासा होतो. पगार पुरता हाती येत नाही. बहिणीने विचारले तर ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणून उठून जातो. आपण मुलाला रागावतो, परंतु त्या वर्गाची चौकशी करीत नाही. कारण तिथे धर्माचे, कधी तथागताचेही नाव घेतलेले असते.

नुसत्या नावावर विसंबल्याने काय घडते, हे जपानने पाहिले आहे. शोको असाहारा याने १९८४ साली टोकियोत योगाचा लहानसा वर्ग काढला. त्याचाच पुढे ‘ओम शिनरिक्यो’ पंथ झाला. भाषा बौद्ध धम्माची, जोडीला जग बुडण्याची भीती. पंथात आलेल्यांत अडाणी नव्हे, तर विज्ञानाचे पदवीधर आणि डॉक्टरही होते. पंथाच्या वसाहतीत राहायला जाणाऱ्याने आपली मिळकत पंथाला द्यायची आणि घरच्यांशी नाते तोडायचे. गुरूच्या अंघोळीचे पाणीसुद्धा विकले जाई!

सभासदांच्या कुटुंबीयांची बाजू घेणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो यांचा पत्नी आणि तान्ह्या मुलासह नोव्हेंबर १९८९ मध्ये खून झाला. २० मार्च १९९५ रोजी पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला. बारापेक्षा जास्त माणसे दगावली, हजारो जखमी झाली. वायू सोडणाऱ्यांत हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर होता. जुलै २०१८ मध्ये असाहारा आणि त्याच्या बारा साथीदारांना फाशी झाली. पहिल्या दिवशी यातले बहुतेक जण मनःशांतीसाठीच आले होते.

बंधुभगिनींनो, प्रत्येक गट इतक्या थराला जातो असे नाही. पण माणूस ताब्यात घेण्याची रीत सारखीच असते. आधी भरभरून माया, मग कान भरणे, मग पैसा. म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, प्रश्न. शंका विचारली की उत्तर मिळते, की ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे ऐकावे लागते? भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की, केवळ गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखा.

दुसरी, हिशोब. मी कारकून माणूस, म्हणून हे आवर्जून सांगतो. दानाची पावती मिळते का? जमाखर्च सर्वांपुढे वाचला जातो का? कर्ज काढून, दागिने मोडून दान द्यायला कोणी सांगत असेल तर तिथेच थांबावे. मूळ दाखले, बँकेचे पासबुक कोणाच्याही हाती देऊ नये.

तिसरी, परतीची वाट. सोडून जाणाऱ्याला शाप, बदनामी, धमकी मिळते का? बुद्धाच्या संघात चीवर उतरवून घरी परतण्याची भिक्खूला मोकळीक आहे. जिथे येता येते पण जाता येत नाही, तो संघ नव्हे.

आपले माणूस अडकलेच तर त्याला वेडा म्हणू नका, घराबाहेर काढू नका. तसे केले की ‘घरचे तुझे वैरी’ हे गुरूचे बोलणे त्याला खरे वाटते. जेवायला बोलवा, आजीच्या दुखण्याला बोलवा, मंगल परिणयाला बोलवा. वाद न घालता, ‘तिथे हिशोब दाखवतात का रे?’ एवढेच विचारा. मारहाण, डांबून ठेवणे किंवा चमत्काराच्या नावाने फसवणूक होत असेल तर पोलिसांत जा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आणि या तीन कसोट्या आपल्या वस्तीतल्या मंडळालाही लावाव्यात. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा जमाखर्चाची वही मागा. प्रामाणिक कार्यकर्ता रागावणार नाही, वही पुढे करील.