वडापावचे वीस रुपये कुठून कुठे जातात?

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला सकाळी बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, शेअर रिक्षांसाठी रांग लागते. तिथेच कुणी घाईघाईत वडापाव घेतो, गाडीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडसमोर मोबाईल धरतो, पिन दाबतो. लगेच शेजारचा छोटा डबा मराठीत पैसे मिळाल्याचं सांगतो. रोजचंच दृश्य, पण त्या काही सेकंदांत जे घडतं, ते थक्क करणारं आहे.

आधी तो काळापांढरा चौकोन बघा. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी घडवला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी! त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात, म्हणून फोन तिरका धरला तरी चालतो. त्यातली माहिती अशा गणिताने मांडलेली असते की सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी ती वाचता येते. तेलाचे डाग आणि कुर्ल्याचा पाऊस त्याला सोसतो, तो त्यामुळेच.

त्या चौकोनात पैसे नसतात, विक्रेत्याचा फक्त यूपीआय पत्ता असतो. तुम्ही रक्कम आणि पिन टाकलात की निरोप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेकडे जातो. हा पत्ता कोणत्या खात्याचा, हे ती आधी शोधते. मग तुमच्या बँकेला विचारते, पिन बरोबर आहे का, खात्यात शिल्लक आहे का? बँक वीस रुपये वजा करते. त्यानंतर विक्रेत्याच्या बँकेला ते जमा करण्याचा निरोप जातो. नोट कुठेच हलत नाही. हलतात ते निरोप. बँका आपसातला हिशेब नंतर एकगठ्ठा, रिझर्व्ह बँकेमार्फत चुकता करतात.

या एनपीसीआयचं मुख्यालय त्याच शेअर रिक्षा जिथे जातात, त्या बीकेसीत आहे. तिने २०१६च्या एप्रिलमध्ये यूपीआय आणलं. नव्या वाटेशी कुर्ल्याचं नातं जुनंच आहे: ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंतच धावली होती. यूपीआय म्हणजेही रेल्वेसारखे सामाईक रूळच आहेत. बँक कुठलीही असो, ॲप कुठलंही असो, वाट एकच. या वाटेवरची वर्दळ २०२५च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांपलीकडे गेली, म्हणजे दर सेकंदाला सरासरी सुमारे साडेसात हजार!

त्यातून माणसांचं जगणं बदललं. सुट्या पैशांची हुज्जत मिटली. बेसनाने माखलेल्या हातांना फोन उघडावा लागत नाही. सिमकार्ड असलेला तो डबाच जमा झालेली रक्कम बोलून दाखवतो. ज्याने कधी वही ठेवली नाही, त्याच्या विक्रीचीही नोंद आपोआप राहते आणि कर्ज मागताना ती दाखवता येते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी २०२२ साली साध्या फोनवरूनही यूपीआय सुरू झालं.

हे सगळं समजून घेण्यात कुतूहलाइतकंच शहाणपणही आहे. पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे वजा करण्याचा आपणच बँकेला दिलेला हुकूम. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर तो फसवतोय. ही एक गोष्ट घरातल्या आजीपासून गल्लीतल्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगायला हवी.