अल्झायमर रोग
अल्झायमर रोग : मेंदूतील तंत्रिका कोशिकांचा (मज्जापेशींचा) हळूहळू नाश होऊन स्मृती, भाषा, विचारशक्ती व व्यवहारज्ञान यांचा क्रमाने ऱ्हास घडविणारा, बहुधा उतारवयात जडणारा रोग. बुद्धिभ्रंश हे एका लक्षणसमूहाचे नाव असून अल्झायमर रोग हे त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण होय. म्हाताऱ्या माणसाचा विसरभोळेपणा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देण्याची रूढी असल्यामुळे रोग पुष्कळदा बळावल्यावरच ओळखला जातो. वस्तुतः हा वार्धक्याचा स्वाभाविक परिणाम नव्हे; पण ही गोष्ट वैद्यकाच्याही ध्यानात उशिराच आली.

आलोइस अल्झायमर (१८६४–१९१५) या जर्मन मनोरोगतज्ञांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या एका स्त्रीची तपासणी केली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येत नव्हते. १९०६ मध्ये ती मरण पावल्यावर तिच्या मेंदूचे छेद चांदीच्या लवणांनी रंगवून पाहता कोशिकांत तंतूंची गुंतवळ व कोशिकांबाहेर एका पदार्थाच्या चकत्या आढळल्या. एमील क्रेपेलीन यांनी १९१० मध्ये आपल्या ग्रंथात या विकृतीला अल्झायमर यांचे नाव दिले. रुग्ण वृद्ध नसल्याने हा प्रौढ वयातील दुर्मिळ रोग मानला गेला आणि वृद्धांच्या बुद्धिभ्रंशाचा दोष बहुतांशी कठीण झालेल्या रोहिण्यांवर टाकण्यात आला. न्यूकॅसल येथील ब्लेसिड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी १९६८ मध्ये वृद्धांच्या मेंदूंतील चकत्या मोजून त्यांचा बुद्धीच्या ऱ्हासाशी संबंध दाखविला, तेव्हा हा समज ढासळू लागला.

कारणे : चकत्या बीटा-अमायलॉइड या प्रथिनाच्या असतात, तर गुंतवळ टाऊ या प्रथिनाची असते. अमायलॉइड साचू लागल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते २० वर्षे लोटू शकतात. तथापि बुद्धी शाबूत असलेल्या काही वृद्धांच्या मेंदूंतही चकत्या सापडतात. म्हणून अमायलॉइडाने सर्व उलगडा होतो असे नाही. बुद्धीच्या ऱ्हासाशी टाऊच्या प्रसाराचा संबंध अधिक निकटचा आहे.

फार थोड्या कुटुंबांत एकाच सदोष जनुकामुळे रोग पिढ्यान्‌पिढ्या व तरुणपणीच उद्‌भवतो. अशा जनुकांपैकी एक २१ व्या गुणसूत्रावर असते. डाऊन लक्षणसमूहात ते गुणसूत्र एकाने अधिक असल्यामुळे त्या व्यक्तींनाही हा रोग लवकर जडतो. वृद्धांमधील नेहमीच्या रोगात मात्र आनुवंशिकता केवळ कल दर्शविते. एपीओई या जनुकाचा ४ क्रमांकाचा प्रकार असल्यास धोका वाढतो, परंतु तो असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, डोक्याला झालेली इजा व अल्प शिक्षण यांचाही बुद्धिभ्रंशाशी संबंध आढळला आहे. वाढते वय हा सर्वांत मोठा धोका होय.

निदान : परिचिताचे नाव ऐनवेळी न आठवणे व मागाहून आठवणे हे वयोमानाचे लक्षण असू शकते. जेवण झाल्याचेच विसरून पुन्हा ताट मागणे, रोजच्या देवळातून परतताना वाट चुकणे, आयुष्यभर केलेला बाजारहाटाचा हिशेब न जमणे, ही लक्षणे निराळी आहेत. रुग्णाला आपले काही बिघडले आहे याची जाणीव पुष्कळदा नसते; यास्तव घरातील माणसाने दिलेली हकीकत कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची ठरते.

प्रथम उपचारसाध्य कारणे शोधावी लागतात. ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, अवटू ग्रंथीची मंदता, खोल नैराश्य, झोपेच्या व इतर काही औषधांचा परिणाम, किरकोळ पडण्यानेही कवटीखाली साचणारे रक्त, यांपैकी कशानेही वृद्ध माणूस भ्रमिष्ट दिसू शकतो. जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रियेनंतर काही तासांत वा दिवसांत उद्‌भवणारा भ्रम हाही वेगळा असून त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. ‘वयच झाले’ असे म्हटल्याने खरे नुकसान होते ते या रुग्णांचे.

बुद्धीच्या परीक्षेसाठी १९७५ मध्ये फोलस्टीन व सहकाऱ्यांनी तयार केलेली ३० गुणांची प्रश्नावली जगभर वापरली गेली. तीत वाक्य लिहिणे व वाचणे असल्याने शाळेचे तोंड न पाहिलेली शहाणी आजीबाई अनुत्तीर्ण ठरण्याची भीती असते. हरियाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण वृद्धांच्या पाहणीसाठी म्हणून तिचे हिंदी रूपांतर करण्यात आले. मूळ परीक्षेत ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करावयाचे असे. येथे परीक्षकाने डोळे मिटून दाखवावयाचे व वृद्धाने अनुकरण करावयाचे. या पाहणीत रोगाचे प्रमाण अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा बरेच कमी आढळले.

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेत स्मृतीशी निगडित असलेला हिपोकॅंपस हा भाग आक्रसलेला दिसतो. पूर्वी निश्चित निदान मरणोत्तर तपासणीनेच होई. आता पेट चित्रणाने किंवा मस्तिष्क-मेरुद्रवाच्या परीक्षणाने जिवंतपणीही प्रथिनांचा माग लागतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेत रक्तपरीक्षेलाही मान्यता मिळाली. पण ती लक्षणे असलेल्यांसाठीच असून तिचा निष्कर्ष इतर तपासण्यांशी ताडून पाहावा लागतो.

डोनेपेझिलसारख्या औषधांनी लक्षणे काही काळ सौम्य होतात, रोग थांबत नाही. अमायलॉइड हटविणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याने ऱ्हासाची गती काहीशी मंदावते; मात्र मेंदूला सूज येण्याचा किंवा त्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि ते केवळ आरंभीच्या अवस्थेतच देता येते.