उद्यांच्या पैशांचा आजचा हिशेब

जमाखर्च लिहिण्याची संवय आपल्या सुशिक्षित घरांना नवी नाहीं. दुधाचा, वाण्याचा, इस्त्रीवाल्याचा हिशेब कितीतरी गृहिणी नेमानें ठेवतात. परंतु हा सारा हिशेब होऊन गेलेल्या खर्चाचा असतो. आपल्या भाषेंत ताळेबंद व अजमास असे दोन शब्द आहेत. ताळेबंद मागें पाहतो, अजमास पुढें पाहतो. ताळेबंद आपण कागदावर मांडतों. अजमास मात्र बहुधा मनांतल्या मनांत करतों, आणि तेथेंच फसतों. आमच्या घरीं हें कसें घडलें, तें प्रथम सांगतों.

मी भाईंदरला राहतों. २०२२ सालच्या जून महिन्याच्या आरंभीं माझ्या मुलाच्या बँकखात्यांत १९,००० रुपये शिल्लक होते. २ तारखेस नातीची शाळेची फी व पुस्तकें यांपायीं ९,००० रुपये गेले. ३ तारखेस गृहनिर्माण संस्थेच्या देखभालखर्चाचे ३,५०० दिले. उरले ६,५००. घरकर्जाचा १८,००० रुपयांचा हप्ता ५ तारखेचा, आणि ५५,००० रुपयांचा पगार ६ तारखेचा. त्यांतून ५ तारखेस रविवार होता. रविवारीं बँक बंद असते, तेव्हां हप्ता सोमवारीं कापला जाईल आणि तोंवर पगार जमा होईल, अशी मुलाची समजूत. परंतु हप्ते आपोआप वळते करून घेणारी 'नॅच' ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सुटीच्या दिवशींहि चालूं लागली आहे. रविवारींच मागणी आली, खात्यांत ११,५०० रुपये कमी पडले आणि हप्ता परत गेला. दंड भरावा लागला तो वेगळाच.

आतां याच महिन्याची बेरीज पाहा. पुढील दिवसांत घरखर्चाला २२,००० रुपये लागले. म्हणजे दंड सोडून एकंदर खर्च ५२,५०० आणि जमा ५५,०००. अडीच हजारांची बचत! महिनाअखेरीचा ताळेबंद पाहणाऱ्यास या संसारांत कांहींच उणें दिसणार नाहीं. रक्कम पुरेशी होती. ती एक दिवस उशिरां आली, इतकेंच. परंतु हा एक दिवस लहान समजूं नये. खात्यांत पैसे नसल्यामुळें असा हप्ता परत जाणें आणि रीतसर नोटीस मिळूनहि मुदतींत रक्कम न भरणें, हा २००७ सालच्या कायद्यान्वयें शिक्षापात्र गुन्हा आहे.

तारखेचें हें महत्त्व आमच्या महापालिकेच्याच हद्दींतील उत्तनच्या कोळी बांधवांना कोणीं शिकवावें लागत नाहीं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळांत जाळ्यांत मासळी नाहीं. पण घरची चूल थांबत नाहीं, आणि नौकेची डागडुजी व जाळ्यांची दुरुस्ती तर याच दिवसांत उरकावी लागते. पुढें ऑगस्टांत पहिली फेरी निघण्यापूर्वींच डिझेल, बर्फ व शिधा यांचे पैसे लागतात. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस हातीं कितीहि रोकड असली, तरी तीवर जून, जुलै व ऑगस्ट या तिन्ही महिन्यांचा हक्क असतो, हें तेथील शहाणी गृहिणी जाणते. नोकरदार घरांत मात्र दरमहा पगार येत असल्यामुळें ही जाणीव बोथट होते.

ती जागी ठेवण्यास आतां संगणकाचें साहाय्य मिळतें. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचा 'व्हिझिकॅल्क' हा कार्यक्रम बाजारांत आला. त्यांत एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असणारे सर्व आंकडे आपोआप बदलत. आजची 'एक्सेल'सारखी स्प्रेडशीट ही त्याचीच वंशज होय. न्यूझीलंडमध्यें तयार झालेला 'पॉकेटस्मिथ' हा कार्यक्रम तर दिनदर्शिकेवरच रचलेला आहे. पगार, हप्ते, विमा, फी यांच्या तारखा एकदां भरल्या कीं पुढील अमुक दिवशीं शिल्लक किती राहील, तें तो दाखवितो.

परंतु विकतचा कार्यक्रम हवाच असें नाहीं. तारीख, तपशील, जमा, खर्च व शिल्लक असे पांच रकाने आंखावे आणि येत्या बारा महिन्यांतील ठरलेल्या सर्व रकमा तारीखवार लिहाव्या. मालमत्ता कर, विम्याचा हप्ता, जूनमधील शाळा, गणपति व दिवाळी हीं दरवर्षीं येणारीं असूनहि आपल्याला अचानक आल्यासारखीं वाटतात. तीं प्रथम लिहावीं. संगणक नसेल, तर भिंतीवरील 'कालनिर्णया'चे चौकोनहि पुरे आहेत.

मग शेवटचा रकाना वरून खालीं वाचावा आणि त्यांतील सर्वांत लहान आंकडा शोधावा. तो शून्याखालीं असेल, तर उपाय करण्यास अजून अवकाश आहे. बँकेस अर्ज करून हप्त्याची तारीख पगारानंतरची मागतां येते. एखादी खरेदी आठवडाभर पुढें ढकलतां येते. आम्हीं हप्ता १० तारखेचा करून घेतला, आणि त्यानंतर तो एकदांहि परत गेलेला नाहीं.

दोन पथ्यें मात्र पाळावीं. बोनस, उसने दिलेले पैसे अशी बेभरंवशाची जमा हातीं पडेपर्यंत लिहूं नये. आणि दर रविवारीं ही शिल्लक बँकेच्या शिलकेशीं ताडून पाहावी. कारण आपण सत्य लिहिलें नाहीं, तर संगणकहि सत्य सांगणार नाहीं. कोणत्याहि कार्यक्रमास बँकेचा गुप्त शब्द देण्याचें कारण नाहीं. आंकडे हातानें भरावे.

श्रोतेहो, काटकसर कशी करावी हें आपल्याला वडीलधाऱ्यांनीं शिकविलें आहे. त्या शिकवणुकीला एका रकान्याची जोड द्या. आज रात्रीं जेवणें आटोपलीं कीं पुढील तीस दिवसांच्या तारखा लिहून काढा. त्यांतील अवघड दिवस कोणता, तें महिनाभर आधीं कळेल, आणि आधीं कळलेली अडचण निम्मी सुटलेली असते.