मुक्काम किती तासांचा?

उरण तालुक्यातलं न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात इथून झालेली कंटेनरची ने-आण वीस फुटी मापानं ७० लाखांच्या वर गेली. आकडा अभिमान वाटावा असाच आहे. पण बंदर कसं चालतं हे कळायला घड्याळ हाती घ्यावं लागतं.

जहाज नांगर टाकून बाहेर किती तास ताटकळलं, धक्क्याला लागल्यावर एका क्रेननं तासाला किती कंटेनर उचलले, हे हिशेब जगभर ठेवले जातात. क्रेनचा स्प्रेडर कंटेनरच्या चार कोपऱ्यांत बसतो, ट्विस्टलॉक नावाच्या खिट्ट्या फिरतात आणि दोनेक मिनिटांत डबा खाली येतो. मात्र खाली रिकामा ट्रेलर वेळेवर आला नाही, तर ती महागडी क्रेन ओझं घेऊन नुसती उभी राहते.

खरी परीक्षा मला यार्डात दिसते. तिथं कंटेनर एकावर एक चार-पाच थरांत रचलेले असतात. तळातला डबा हवा असेल, तर आधी वरचे सगळे उचलून बाजूला ठेवायचे, मग तो काढायचा, मग वरचे पुन्हा जागी लावायचे. क्रेन दिवसभर राबते, डिझेल जळतं आणि या हलवाहलवीत माल गिऱ्हाइकाकडे एक पाऊलही सरकत नाही. कोणता डबा कधी जाणार हे आधी ठाऊक असेल, तरच हे टळतं. याच दिशेनं २०१६ साली आयातदाराला थेट बंदरातून माल नेण्याची सोय वाढवली गेली, कंटेनरवर रेडिओ टॅगही लागले. जून २०१७मध्ये सायबर हल्ल्यानं इथल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले, तेव्हा क्रेन धडधाकट असूनही काम अडलं.

गेटबाहेर रांगेतला ट्रेलरचालक किती वेळ स्टिअरिंगमागे उपाशी बसला, हेही या हिशेबात यायला हवं. जहाजाचे तास मोजणाऱ्या जागतिक क्रमवारीत तो कुठंच नाही.

आणि आणखी एक मुक्काम मोजायचा राहतो, जमीन गेलेल्यांच्या वाट पाहण्याचा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये उरण परिसर पेटला, गोळीबारात पाच जण गेले. बंदराखालची जमीनही याच मुलखातल्या शेतकऱ्यांची. त्यांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांची इरादापत्रं मिळाली ती ऑगस्ट २०१४मध्ये, बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षं उलटल्यावर.