खासबागेच्या मातीचे देणे

आमच्या शाहूवाडी तालुक्यातल्या माणसाला पूर्वी कोल्हापूरला जायला काही तरी सबळ कारण लागायचे. कोर्टातली तारीख, मोठा दवाखाना, अंबाबाईचे दर्शन, नाही तर खासबागेतले कुस्त्यांचे मैदान. पहिली तीन कारणे अजून टिकून आहेत. चौथ्यासाठी एसटीच्या टपावर बसून गेलेली माणसे मात्र आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्यांतले एक आमचे आबा, म्हणजे माझे थोरले चुलते.

आबांनी चौऱ्याऐंशी ओलांडली आहे. गुडघे कुरकुरतात, पण बसायची ऐट तीच. दोन्ही कान मोडलेले, मान अजून खांद्यात रुतलेली. गावात लहानथोर त्यांना 'पैलवान' म्हणूनच हाक मारतात. पण खासबागेत ते एकदाच लढले आणि त्या एकाच कुस्तीत चितपट झाले, हे आम्हां मुलांना कळले ते बाहेरून. घरात तो विषय कधी निघाला नाही. त्या दिवसानंतर आबा कोल्हापूरला शंभरदा गेले असतील. खासबागेत ते एकदाही गेले नव्हते.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. हे नाट्यगृह आणि खासबाग मैदान पाठीला पाठ लावून उभे असलेले शेजारी. दूरदर्शन संचावर ज्वाळा बघता बघता आबांनी मला तीनदा विचारले, "खासबाग बी जळली म्हणायची?" मी म्हटले, "आबा, नाट्यगृह जळलं, मैदानाच्या बाजूच्या व्यासपीठालाही झळ लागली. पण मैदान आहे. माती कशी जळेल?" ते काही बोलले नाहीत. पुढे बरेच दिवस गेले आणि एका सकाळी म्हणाले, "एकदा दाव मला."

मग आम्ही निघालो. बांबवडे मागे पडले, वाघबीळ आले. पन्हाळ्याचा डोंगर दिसला तशी आबांनी टोपी सारखी केली. केर्ली गेली, शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली. आबांच्या वेळी हा पूल आला की टपावरची पोरे 'आली खासबाग' म्हणून ओरडायची, असे ते म्हणाले. त्या सकाळी खासबागेविषयी ते एवढेच बोलले.

खासबाग ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी एक मोठी खोलगट बशी डोळ्यांसमोर आणावी. मधोमध लाल मातीचा गोल हौदा आणि त्याच्या भोवती सगळ्या बाजूंनी वर चढत गेलेला उतार. वर उघडे आभाळ. अगदी मागच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून हौद्यातली कुस्ती दिसावी, एवढाच त्या रचनेचा हेतू. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे ते पुरातन गोल क्रीडागृह, कलोझियम, पाहिले. परतल्यावर त्यांच्या मनात कोल्हापूरचे मैदान आकार घेऊ लागले. १९०७ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९१२ साली मैदान खुले झाले. त्या वेळच्या कुस्तीत गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष उतरला होता. शेजारचे पॅलेस थिएटर झाले १९१५ साली. पुढे त्यालाच संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. एकाच राजाने गवयासाठी आणि पैलवानासाठी शेजारी शेजारी घरे बांधली, हे कोल्हापूरकराला विशेष वाटत नाही. बाहेरच्याला वाटते.

रोमच्या क्रीडागृहात माणसे जिवाला मुकत. महाराजांनी तिथून घेतली ती फक्त बसण्याची सोय. इथे हरणाऱ्याची पाठ मातीला लागायची, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तालमीत जोर मारायचा. महाराज स्वतः कसलेले मल्ल होते. उत्तरेकडचे नामांकित पैलवान त्यांनी पदरी ठेवले, तालमींना आधार दिला. पैलवानाच्या खुराकाची काळजी दरबार वाहू लागला. गरिबाच्या पोराने अंग कमवावे तर दूध-तूप-बदाम आणायचे कुठून, हा प्रश्न त्या राजाला पडला होता, हे मला मैदान बांधण्याइतकेच मोठे वाटते.

पुढे संस्थान गेले, पण तो प्रश्न राहिला. मग तो गावांनी उचलला. आबा १९६० नंतर कोल्हापूरच्या एका तालमीत राहायला गेले, तेव्हा आमच्या गावाने त्यांना खर्चाला धरले होते. सुगीला घरटी भात गोळा व्हायचे. ज्याच्या घरी म्हैस वेत असे तो तूप कढवायचा. आठवड्याला एक बरणी एसटीच्या कंडक्टरच्या हवाली व्हायची आणि कोल्हापूरच्या स्टँडवर आबा ती घ्यायला उभे असायचे. बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावरून कुणाच्या घरचे तूप ते त्यांना ओळखू यायचे.

ते कोल्हापूरचे ऐन भराचे दिवस. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंदकेसरी झाले होते. १९६० साली तो मान गणपतराव आंदळकरांनी मिळवला. आंदळकर पुनवतचे, म्हणजे आमच्या वारणेच्या पलीकडच्या काठचे. १९६२च्या जाकार्ता एशियाडमध्ये त्यांनी सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके घेतली. कवठेपिरानच्या मारुती मान्यांनीही त्याच एशियाडमध्ये सुवर्ण जिंकले. १९६४ साली आंदळकर टोकियो ऑलिंपिकला गेले, अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षीचा. आबा ही नावे घेतात तेव्हा आपोआप ताठ बसतात. "आमी त्यांच्याबरबर न्हवं, त्यांच्या वाऱ्याला हुतो," असे म्हणतात. आज यांतले कुणीच हयात नाही. माने २०१० साली गेले, आंदळकर २०१८ साली, खंचनाळे २०२० साली. महाराष्ट्र केसरीची गदा दोनदा मिळवणारे आणि १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेऊन आलेले दादू चौगुले २०१९ साली गेले.

पण कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या पैलवानांची गोष्ट खाशाबा जाधवांशिवाय पुरी होत नाही. ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. शिकायला राजाराम कॉलेजात आले आणि इथल्या तालमीत घडले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. आयुष्य मातीत गेलेले, तिथे गादीवरची कुस्ती आणि नवे नियम. तरीही सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशासाठी पुन्हा दारोदार फिरणे आले. त्या वेळी राजाराम कॉलेजचे निवृत्त प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! आज ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती माझ्याकडे संशयाने बघतात.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या इशीशी लांबलेली लढत हरल्यावर लगेच सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरायला सांगितले गेले. दोन लढतींमध्ये विश्रांती हवी, हा नियम होता. पण तो बोलून दाखवायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती लढत हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. गोळेश्वरला त्यांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणुकीचा गुलाल उतरल्यावर या माणसाने काय करावे? कुस्त्यांचे मैदान भरवून आलेल्या पैशातून प्राचार्यांचे देणे फेडले. पुढे १९५५ साली ते पोलिसांत फौजदार झाले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात, २००० सालचा.

हे सारे मी आबांना खासबागेच्या उतारावर बसून सांगत होतो. नाट्यगृहाच्या बाजूला पत्र्याआड बांधकामाची ठोकठाक चालू होती. आबा ऐकत होते, पण नजर हौद्यावर. मी थांबलो तसे ते म्हणाले, "त्यांनी देणं फेडलं. माझं ऱ्हायलं."

मला आधी कळलेच नाही. मग हळूहळू सगळे बाहेर आले. कुस्ती दुपारची, मधल्या जोडीतली. हलगी कडाडत होती. गावाकडची तीस-चाळीस माणसे पहिल्या रांगांत येऊन बसलेली. समोरचा पैलवान उंचीने कमी, पण चपळ. आबांनी पट काढायला हात घातला, तो हुकला, आणि त्याने ढाक लावली. "पडलो तवा आभाळ दिसलं. उताणं झाल्याबिगर हितलं आभाळ दिसत न्हाई बग. आन मग गावची मान्सं दिसली. कुनी काय बोललं न्हाई. तेच लई लागलं." आठ दिवस आबा गावी गेले नाहीत. गेले ते तालीम सोडूनच. ज्यांचे तूप खाल्ले त्यांच्या दारावरून जाताना वर्षानुवर्षे त्यांची मान खाली असायची. गावातल्या कुणी कधी एका शब्दाने विचारले नव्हते, तरीही.

मी म्हटले, "आबा, गावाने तूप दिलं ते जिंकावं म्हणून नव्हे हो. आपला एक माणूस खासबागेत उतरावा म्हणून दिलं." ते हसले. म्हणाले, "तू मास्तर हाईस. तुला असंच वाटनार." मला त्यावर उत्तर सुचले नाही. पण एक गोष्ट तिथेच डोक्यात आली. प्रत्येक कुस्तीला दोन पैलवान लागतात आणि आपण नाव एकाचेच ठेवतो. शंभराहून अधिक वर्षांत या हौद्यात जेवढे जिंकले तेवढेच हरले असणार. त्या हरलेल्यांमागेही कुठल्या तरी गावचे भात होते, कुणाच्या म्हशीचे तूप होते.

नाट्यगृहाला आग लागली त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, १ ऑगस्ट २०२४ला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्यामागे शिक्षक वडील होते, राज्याची क्रीडा प्रबोधिनी होती, रेल्वेची नोकरी होती. म्हणजे खुराकाची सोय आता थोडी बदलली आहे. तरी तालमीतल्या पोराच्या बापाला विचारून बघा. महिन्याचा बदाम-दुधाचा खर्च सांगताना त्याचा आवाज अजून खाली जातो.

आम्ही उठलो तेव्हा एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उतारावरून धावत वरखाली करत होता. आबांनी हाक मारली. "कुठल्या तालमीचा रं? खुराक कोन घालतं?" मुलगा म्हणाला, "वडील रिक्षा चालवत्यात. मामा दूध देतो." आबांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या. किती ते मोजले नाही. त्याच्या मुठीत कोंबून म्हणाले, "बदामाला."

मुलगा पाया पडला. आबांचे कान बघून त्याने ओळखले असावे. "आबा, तुमची कुस्ती झालेली हितं?"

"झाली की."

"मग? काय निकाल लागला?"

मी आबांकडे बघायचे टाळले. साठ वर्षे आमच्या घरात कुणी न विचारलेला तो प्रश्न.

"पडलो," आबा मोठ्याने म्हणाले. "पार उताणा." आणि मोकळेपणाने हसले. मग खाली वाकून त्यांनी हौद्याची चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली, आणि माझा हात न धरता उतार चढू लागले.