मधपेटीचा रंग मधमाशीच्या डोळ्यांनी



एकाच रंगाच्या मधपेट्या ओळीने मांडल्या की नीटनेटक्या दिसतात. मधमाशीची मात्र त्यात फसगत होते. कामकरी माशी चुकून शेजारच्या पेटीत शिरली, तर एक वेळ चालते. मीलनाच्या उड्डाणावरून परतणारी राणीमाशी चुकली, तर तेथील माश्या तिला बहुधा मारून टाकतात आणि तिची स्वतःची वसाहत राणीवाचून हळूहळू संपते. पाड्यावरील ज्या कुटुंबाकडे सातेरीच्या दोनतीनच पेट्या आहेत, त्यांचा मोसमच हातचा जातो.

मधमाशीला रंग दिसतात का, यावर शास्त्रज्ञांत एकदा मोठा वाद झाला. कार्ल फॉन फ्रिश यांनी करड्या रंगाच्या फिक्या-गडद चौकोनांत एक निळा चौकोन ठेवला व त्यावरच साखरपाणी दिले. पुढे रिकाम्या बश्या मांडल्या, चौकोनांच्या जागा बदलल्या, तरी माश्या निळ्यावरच आल्या. त्यांना नुसता उजेड-अंधार कळत असता, तर एखाद्या करड्याशी निळ्याची गल्लत झाली असती. हे 1914 साली प्रसिद्ध झाले. लाल रंगाला मात्र त्या काळा किंवा गडद करडा समजत.

कारण डोळ्यातच आहे. आपल्या डोळ्यात निळा, हिरवा व लाल प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. मधमाशीच्या डोळ्यात अतिनील, निळा व हिरवा. या तिन्हींच्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. म्हणून आपल्याला सारखेच दिसणारे दोन पांढरे रंग तिला वेगळे दिसू शकतात. एक अतिनील किरण परतवतो, दुसरा शोषतो. उलट नारिंगी, पिवळा आणि पोपटी तिला बरेचसे सारखे वाटतात.

शिवाय तिची नजर अधू आहे. सेंटिमीटरभर रुंदीचे फूल साधारण चार सेंटिमीटरवर आल्याशिवाय तिला रंगाने ओळखता येत नाही. लांबून रंग कळायचा, तर रंगीत भाग मोठा हवा. दारावर छोटी टिकली काढून भागत नाही. पेटीची दाराकडची सगळी बाजू रंगवावी. एक निळी, शेजारी पिवळी, मग पांढरी, मग काळी. लाल आणि काळी शेजारी नकोत.

रंग द्यायचा तो पेटी रिकामी असतानाच. आणि वसाहत बसल्यावर पेट्यांच्या जागा बदलू नयेत, कारण माशी रंगाबरोबर जागाही लक्षात ठेवते.